कॅसेटच्या शेवटची आठ मिनिटं

सॅमसन भिंगारदिवे जाऊन दोन महिने होत आले तरी दीनाबाई रडल्या नव्हत्या. सावेडीतल्या त्यांच्या गल्लीत ही गोष्ट आधी कौतुकाने बोलली गेली, मग काळजीने, आणि पुढेपुढे जरा कुजबुजत. पहिल्या आठवड्यात "खंबीर आहे हो बाई" म्हणणाऱ्या बायका सहाव्या आठवड्यात "धसका घेतलाय" म्हणायला लागल्या. दीनाबाईंना विचाराल तर त्या खंबीरही नव्हत्या आणि धसकाही नव्हता. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो, मग गाल आपलाच असतो पण हात लावला की दुसऱ्याचा वाटतो, तसं काहीसं होतं. फक्त ते गालापुरतं नव्हतं.

कामं मात्र बिनचूक होत होती. पहाटेचा नळ, आठवीतल्या दीपाचा डबा, सासूबाईंची ब्लडप्रेशरची गोळी, पेन्शनच्या कागदांसाठी शाळेच्या ऑफिसात खेपा. एका फॉर्मवर कारकुनाने सॅमसनचं वय एका वर्षाने जास्त लिहिलं होतं. दीनाबाईंनी काउंटरवर उभं राहून ते खोडायला लावलं. "सत्तेचाळीस नाही हो, शेहेचाळीस," त्या म्हणाल्या, ब्लाउजचं माप सांगावं तशा.

सासूबाईंचं याच्या उलट. गोजरबाई मूळच्या पाथर्डीकडच्या खेड्यातल्या. लेकाच्या नावाने त्या दिवसातून दोनदा मोकळ्या गळ्याने रडायच्या आणि रडून झालं की भाकरी मागायच्या.

"आगं दीने, रड की जरा," त्या म्हणायच्या. "म्या रडती तर भूक तरी लागती. तुझं तर खानं बी गेलं आन् रडनं बी गेलं."

"येईल तेव्हा रडेन आई. ठरवून कसं रडणार?"

"आमच्याकडं ठरवूनच रडत्यात. शेजारनी येऊन रडवून जात्यात. हितं सावेडीत समद्या चहा पिऊन जात्यात."

दीनाबाईंना यावर हसू यायला हवं होतं. आधी आलं असतं. राहुरीकडच्या मिशनशाळेतल्या मास्तरांची ही मुलगी, नगरच्या कॉलेजातून इतिहास घेऊन बी. ए. झालेली, गल्लीत हजरजबाबी म्हणून माहीत होती. सांगून आलेल्या स्थळाला, म्हणजे सॅमसनना, तिने पहिल्या भेटीतच विचारलं होतं, "तुम्ही मला बघायला आलात की फरशी?" ते सबंध वेळ मान खाली घालून बसले होते. निघताना तिचं लक्ष त्यांच्या चालण्याकडे गेलं. लहानपणी बैलगाडीवरून पडून डाव्या पायाची टाच दुखावली होती, तेव्हापासून तो पाय जरा ओढला जायचा. उजवी चप्पल फट्‌ वाजायची आणि डावी सर्र. फट्‌, सर्र. फट्‌, सर्र. पुढे सोळा वर्षं रोज संध्याकाळी साडेपाचला हा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की दीनाबाई हातातलं काम टाकून चहाचं आधण ठेवायच्या. माणूस दारात येईपर्यंत चहाला उकळी आलेली असायची.

आता अडचण निराळीच झाली होती. सॅमसनचा चेहरा आठवेना. म्हणजे आठवायचा, पण तो भिंतीवरच्या फोटोतला. शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो स्टुडिओवाल्याने मोठा करून दिला होता. त्यात त्याने कॉलर सरळ केली, गालावरचा डाग पुसला, केसांना थोडा काळा रंगही दिला. ते कुणीतरी ऑडिटसाहेब दिसत होते. डोळे मिटले की हेच ऑडिटसाहेब समोर यायचे आणि हलायचे नाहीत. जेवणारे, वाद घालणारे, दाढी करताना गाल फुगवणारे सॅमसन त्यांच्यामागे कुठेतरी अडकून पडले होते. दीनाबाईंना एवढंच हवं होतं की हलता सॅमसन एकदा, एकदाच, बघायला मिळावा. आणि तो कुठे आहे हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. कपाटात, साडीत गुंडाळून ठेवलेल्या व्हिडिओ कॅमेऱ्यात.

हा कॅमेरा त्र्याण्णवच्या नाताळात हेलनने आणला. हेलन ही सॅमसनची धाकटी बहीण, मस्कतला नर्स. तळहातावर मावणारा कॅमेरा नगरमध्ये तेव्हा नवलाचा होता. लग्नात शूटिंग करणारे लोक खांद्यावर तोफ घ्यावी तसा कॅमेरा घेऊन फिरायचे आणि त्यांची कॅसेट वहीएवढी असायची. याची कॅसेट काड्यापेटीपेक्षा जरा मोठी. ती नगरमधल्या कुठल्याच मशीनमध्ये जायची नाही, बघायची तर याच कॅमेऱ्यातून वायर काढून टीव्हीला जोडायची. हेलनने कॅसेट आणल्या तीन. एक स्वतःच्या सुटीची म्हणून परत नेली, एक चुलत बहिणीच्या लग्नात गेली ती गेलीच. घरात उरली एक. साठ मिनिटांची.

त्या साठ मिनिटांत सॅमसननी दीड वर्ष बसवलं होतं. नाताळ, दीपाचं गॅदरिंग, चर्चच्या मंडळीचा कापणीचा सण, कुंडीतल्या भेंडीला आलेलं पहिलं फूल. शूटिंग करणारे तेच, त्यामुळे ते स्वतः कुठेच नव्हते. फक्त शेवटच्या आठ मिनिटांत होते. पंच्याण्णवच्या मे महिन्यात मंडळीची सहल भंडारदऱ्याला गेली, तेव्हा त्यांनी कॅमेरा पहिल्यांदा बायकोच्या हातात दिला.

"हे लाल बटण," ते वर्गात मुलांना सांगावं तसं म्हणाले. "एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. काय?"

"मी बी. ए. आहे हो," दीनाबाई म्हणाल्या. "बटण दाबता येतं मला."

त्यांनी चार ठिकाणी शूटिंग केलं. त्या रात्री घरी आल्यावर सॅमसन खाटेवर बसले, कॅमेऱ्याच्या मागच्या बारक्या भिंगाला डोळा लावून सगळं बघितलं, आणि पोट हलेपर्यंत हसले. हसता हसता ठसका लागला.

"काय झालं? वाईट आलंय का?"

"छान आलंय," ते डोळे पुसत म्हणाले. "फारच छान आलंय. हे मी कधी पुसणार नाही."

"दाखवा मला."

"टीव्हीवर दाखवीन. सगळ्यांसमोर."

पण सगळ्यांसमोर कॅसेट लागली की ती पहिल्यापासून लागायची आणि भंडारदऱ्यापर्यंत पोचायच्या आत कधी वीज जायची, कधी गोजरबाईंची मालिका सुरू व्हायची. मग सॅमसन कॅसेट पुन्हा पहिल्यापर्यंत गुंडाळून ठेवायचे. ही त्यांची सवय. शाळेत ते प्रयोगशाळा सहायक. प्रॅक्टिकल संपलं की नळ्या धुऊन जागच्या जागी, तराजूचा काटा शून्यावर, बर्नरची नळी वेटोळं करून. कुठलीही वस्तू अर्ध्यावर सोडायची नाही. कॅसेटही नेहमी शून्यावर.

आणि त्याच सवयीने घात केला. शहाण्णवच्या जुलैमध्ये, सहावीचा तास संपल्यावर, प्रयोगशाळेच्या स्टुलावर बसल्या बसल्या ते गेले. हेलनला रजा मिळेना. शेजारच्या रंगनाथकाकांकडे तिचा फोन आला. "वहिनी, मला येता येत नाही गं. निदान शूटिंग तरी करून ठेवा. कोण कोण आलं, कशी माती दिली, मला बघू दे." त्यांच्यात ही रीतच होती. ज्याचं माणूस परदेशी, त्याच्यासाठी शवपेटीभोवती उभं राहून फोटो काढायचे. प्रभुदासने, म्हणजे सॅमसनच्या चुलतभावाने, कपाटातून कॅमेरा काढला आणि लाल बटण दाबलं. प्रभुदास शिंपीकाम करायचा आणि उपासनेत पेटी वाजवायचा. माणूस सरळ, हाती घेतलेलं काम जीव ओतून करणारा. त्याने जीव ओतून बावन्न मिनिटं शूटिंग केलं.

हे उमगलं ते पंधरा दिवसांनी. हेलनसाठी मोठ्या कॅसेटवर कॉपी करायची म्हणून प्रभुदास कुणाचा तरी व्हीसीआर मागून घेऊन आला. टीव्हीवर कॅमेरा ठेवून त्याने वायर खोचली आणि वीज गेली. तो वायर हातात धरून वाट बघत बसला असताना दीपाने विचारलं, "काका, तुम्ही कॅसेट कुठली घातली होती?"

"आत होती तीच की."

"आत आमची होती."

गोजरबाईंनी विचारलं, "म्हंजी काय झालं?" आणि तेवढ्यात वीज आली. टीव्ही मोठ्यांदा खरखरला, प्रभुदास दचकला, हातातली वायर ओढली गेली आणि कॅमेरा टीव्हीवरून खाली फरशीवर पडला. वायर खोचायचं भोक आतल्या आत तुटून डगडगायला लागलं.

"वहिनी," प्रभुदास म्हणाला. तो खाली बसला आणि कपाळाला हात लावून लहान मुलासारखा रडू लागला.

दीनाबाईंनी त्याला पाणी आणून दिलं. मग विचारलं, "किती वेळ शूटिंग केलंत?"

"बावन्न मिनिटं. आकडा बघितला होता मी."

"कॅसेट साठची आहे." त्यांनी आठवून बघितलं. "भंडारदरा शेवटी आहे. शेवटची आठ मिनिटं, तेवढी उरली असतील."

त्या दिवसापासून कॅमेरा साडीत गुंडाळून कपाटात होता. तो दुरुस्त होईल का, हे विचारायला दीनाबाईंना आणखी महिना लागला. नाही असं उत्तर मिळालं तर ऑडिटसाहेब कायमचे घरात राहणार होते.

सप्टेंबरात एके दिवशी दुपारी प्रभुदासच त्यांना रिक्षाने माळीवाड्यात गोरक्षनाथच्या दुकानात घेऊन गेला. गोरक्षनाथ रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. दुकान एवढंसं, पोट उघडे टीव्ही एकावर एक रचलेले. त्याने कॅमेरा उलटासुलटा केला, चार बारीक स्क्रू काढले आणि आतल्या पट्टीवर भिंग धरलं.

"सॉकेटचे पाय तुटलेत ताई. आणि पट्टीवरचं तांबं पण थोडं उचललंय. हा सॉकेट नगरात नाही मिळायचा. मुंबईत मिळेल का, तेही देव जाणे."

"मग?"

"सॉकेट विसरायचा. पट्टीवर डायरेक्ट वायरी झाळायच्या, सोल्डरिंग करून. एक चित्राची, एक आवाजाची. पण..." त्याने मान खाजवली. "मशीन पडलेलं आहे. झाळताना काही झालं, टेप खाल्ली तर बोल माझ्यावर नको. त्यापेक्षा आधी एकदा बघून घ्या ना."

"बघायचं कशात? वायरच नाही ना?"

"भिंगात! डोळा लावा. एकाच माणसाला दिसेल, काळंपांढरं दिसेल, आवाज यायचा नाही. पण दिसेल."

प्रभुदास म्हणाला, "मी बाहेर थांबतो वहिनी," आणि खरंच रस्त्यात उन्हात जाऊन उभा राहिला.

दीनाबाई स्टुलावर बसल्या. गोरक्षनाथने कॅसेट पहिल्यापर्यंत गुंडाळली, कॅमेरा त्यांच्या हातात दिला. "पुढं पळवू का? शेवटचंच बघायचं असेल तर."

"नको. पहिल्यापासून लावा."

का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कदाचित त्या दिवसाचं त्यांना काहीच आठवत नव्हतं म्हणून. त्यांनी रबरी वाटीला उजवा डोळा लावला आणि डावा मिटला.

आत बोटाच्या पेराएवढं चित्र होतं. त्यांचंच घर, पण बाहुलीचं असावं तेवढं. माणसं येत होती. प्रभुदासने कुणालाच सोडलं नव्हतं. रडणाऱ्या एकेका माणसासमोर तो जाऊन उभा राही, मग ते माणूस रडायचं थांबे, पदर नाहीतर कॉलर नीट करी, हेलनसाठी सरळ बघे, आणि कॅमेरा पुढे सरकला की पुन्हा रडू लागे. आवाज नव्हता. गोजरबाईंचं तोंड उघडं होतं, दोन बायकांनी त्यांना धरलं होतं. प्रार्थना म्हणणाऱ्या पाळकसाहेबांचे ओठ हलत होते. फुलांचे हार पांढरे, पेटी काळी.

मध्येच एक पांढऱ्या साडीतली बाई वारंवार चित्रात येत होती. सगळे जागच्या जागी असताना हीच एकटी हिंडत होती. तिने खुर्च्या मोजल्या. कुणाच्या तरी लेकराचं नाक पुसलं. आत जाऊन आली, बहुतेक गॅस बंद करून. पेटीपाशी आली, वाकली, आतल्या माणसाची कॉलर बोटांनी नीट केली आणि एक पाऊल मागे सरून नीट झाली का ते बघितलं. ही कोण काम करणारी, असं दीनाबाईंच्या मनात आलं. मग साडी ओळखीची वाटली. मग त्या स्वतःच आहेत हे कळलं. कळलं, आणि तरी काही झालं नाही. चांगली व्यवस्था ठेवली बाईने, एवढंच वाटलं.

पेटीतला सॅमसनही दिसला. त्याला बघून वाटलं, फोटोतलेच साहेब.

भिंगाला सतत चिकटून त्यांच्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. गोरक्षनाथने हळूच पाण्याचा ग्लास पुढे केला. "थांबवू का ताई?"

"रडत नाहीये मी. डोळा चुरचुरतोय."

"बरं बरं," तो म्हणाला. त्याचा विश्वास बसला नसावा.

दफनभूमी आली. लोकांच्या पाठी, छत्र्या, दोर. मूठभर माती, आणखी एक मूठ. एक हात, दुसरा हात. आणि मातीतच चित्राने एकदम उडी मारली.

पुन्हा मातीच होती. पण आता ती हलत होती, डावीकडे, उजवीकडे, झोका घ्यावा तशी. खडे, गवताची काडी, एक फुटका द्रोण. कडेला साडीचा काठ फडफडत होता.

"बिघडलं वाटतं," दीनाबाई म्हणाल्या. "नुसती जमीन दिसतेय. आणि निऱ्या."

"कोणाच्या?"

दीनाबाईंनी निरखून बघितलं. "माझ्याच."

गोरक्षनाथ हसला. "शूटिंग तुम्ही केलंय का हे?"

"हो."

"मग बिघडलं नाही ताई. बटण उलटं पडलंय. तुमच्या हाती आला तेव्हाच चालू असणार. चालू करायला दाबता तेव्हा बंद होतंय, बंद करायला दाबता तेव्हा चालू. नव्या माणसाचं होतं असं. माझ्या मेव्हण्यानं आमच्या लग्नाची अख्खी वरात घेतली. नुसते बूट."

म्हणजे चार ठिकाणी, सॅमसन समोर उभे असताना, कॅमेरा बंद होता. आणि झाल्यावर दीनाबाईंनी तो हातात लोंबकळत ठेवला तेव्हा तो इमानेइतबारे जमीन टिपत होता. बी. ए. झालेल्या बाईचं शूटिंग. खाटेवर बसून, पोट हलवत, ठसका लागेपर्यंत हसणारा माणूस का हसत होता हे त्यांना सोळा महिन्यांनी कळलं. आणि त्याने ते पुसलं का नाही, हेही.

त्यांनी डोळा काढला नाही. जमिनीवर आता आणखी दोन पाय आले होते. चपला. डावीला बाहेरच्या बाजूने टायरचा तुकडा ठोकलेला, कारण तिचा तळ तिथेच झिजायचा. उजवा पाय सरळ पडत होता, डावा जरा ओढत, मागे धुळीत बारीक रेघ काढत. चालले, थांबले. एक पाय दुसऱ्या पोटरीवर घासला, डास चावला असावा. पुन्हा चालले.

मग चित्र वर उसळलं. वाटेतल्या राजूरच्या स्टँडचं छप्पर, आभाळ, आणि सॅमसन. करवंदांनी ओठ काळे झालेले, एक गाल फुगलेला, हातात द्रोण. फोटो निघणार म्हणून कॉलरकडे हात जातोय. गेला, आणि खटकन चित्र तुटलं. तिथे दीनाबाईंनी चालू करायला बटण दाबलं होतं.

पुन्हा जमीन. पुन्हा पाय. धरणाच्या कडेचा ओला दगड, दीपाच्या सँडल, त्यांच्या चपला. पुन्हा वर उसळी, वाऱ्याने उडालेले केस, तोंड उघडलेलं, "दाबलं का?" असं काहीतरी विचारणारं, आणि तुटलं. तिसऱ्यांदा ते डबा उघडत होते आणि मान वर करताच तुटलं. चौथ्यांदा झाडाच्या मुळ्या, पाय, पाय, लांबवर पाय, आणि मग चित्रभर नुसत्या खरखरीच्या मुंग्याच मुंग्या. कॅसेट संपली.

तीन वेळा, प्रत्येकी सेकंदभर. फोटोसाठी सरळ होण्याच्या आधीचा चेहरा. नंतरचा नाहीच.

दीनाबाईंनी कॅमेरा खाली ठेवला. उजव्या डोळ्याभोवती रबराचा गोल वळ उठला होता.

"दिसले का साहेब?" गोरक्षनाथने विचारलं.

"पाय दिसले," त्या म्हणाल्या. "वायरी झाळा तुम्ही. काही झालं तर बोल लावणार नाही."

घरी गोजरबाई दारातच होत्या. वळाकडे बघून म्हणाल्या, "डोळ्याला काय झालं गं? पडलीस व्हय?" आणि उत्तराची वाट न बघता, हळू आवाजात, "दिसला का माझा सॅमसन?"

"दिसले. करवंदं खात होते."

"लई आवडायची त्येला," गोजरबाई म्हणाल्या आणि त्या दिवशी रडल्या नाहीत. बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिल्या.

आठ दिवसांनी निरोप आला. दीनाबाई आणि प्रभुदास पुन्हा दुकानात गेले. कॅमेऱ्याचं पोट उघडं होतं आणि त्यातून केसाएवढ्या दोन वायरी निघून व्हीसीआरला, आणि तिथून टीव्हीला गेल्या होत्या.

"किती वेळ धरतील सांगता येत नाही," गोरक्षनाथ म्हणाला. "आतलं गरम झालं की झाळ सुटणार. परत झाळायला गेलो तर पट्टीच उचलेल. एकदाच जे निघेल ते. सांगा, आधी कुठलं घ्यायचं?"

प्रभुदास दीनाबाईंकडे बघायला धजेना. "वहिनी, हेलनला तर... तिनं मातीचंच मागितलं होतं. दर फोनला विचारते."

दीनाबाईंनी टीव्हीच्या काळ्या काचेकडे बघितलं. "शेवटचं आधी घ्या. माती नंतर."

गोरक्षनाथने कॅसेट पुढे पळवली, थांबवली, मागेपुढे केली, आणि एका हाताने कॅमेऱ्याचं, दुसऱ्या हाताने व्हीसीआरचं बटण दाबलं. टीव्हीवर रंग आला. जमीन तांबडी होती, साडीचा काठ हिरवा. तेव्हा कुठे दीनाबाईंना आठवलं की ती साडी हिरव्या काठाची होती.

आणि आवाज आला. लोंबकळणाऱ्या कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, दुकान भरून.

फट्‌, सर्र. फट्‌, सर्र.

दीनाबाई उठल्या. पदर कमरेला खोचला आणि दोन पावलं चालून गेल्या. पुढे उघड्या टीव्हींची रास होती.

"कुठं निघालात ताई?"

"चहा..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

"अहो, सांगतो की चहा! त्यात काय!" गोरक्षनाथने दारातून समोरच्या टपरीला तीन बोटं दाखवली.

दीनाबाई परत येऊन स्टुलावर बसल्या. पदर कमरेला तसाच खोचलेला होता. आठही मिनिटं निघाली. त्यानंतर कॅसेट पहिल्यापासून लावली. सतरा मिनिटं माणसं आली, उभी राहिली, रडली. पेटी उचलायला चौघे पुढे झाले आणि चित्र थरथरून गेलं. गोरक्षनाथने वायरी हलवून बघितल्या, फुंकर मारली, मग हात वर केले. "संपलं ताई."

"असू दे," दीनाबाई म्हणाल्या. चहा प्यायल्या. गरम होता, एवढं कळलं.

निघालेली कॅसेट मंडळीतल्या कुणाच्या तरी हाती मस्कतला गेली. दिवाळीच्या आसपास एका दुपारी रंगनाथकाकांनी खिडकीतून हाक मारली. "दीनावहिनी, हेलनचा फोन!"

"वहिनी," हेलनचा आवाज लांबून आणि घाईचा आला. "कॅसेट मिळाली गं. पण हे काय पाठवलंय? मी आधी म्हटलं चुकून दुसऱ्या कुणाची आली. नुसते पायच पाय."

"ते माझं शूटिंग आहे. बटण उलटं पडलं होतं."

"ते कळलं मला नंतर. मी स्वयंपाकघरात होते वहिनी. बघतच नव्हते, नुसतं लावून ठेवलं होतं. आणि दादा आल्यासारखा आवाज आला."

तारेत खरखर होती. पलीकडे हेलन रडत होती आणि तिला ते लपवायचं नव्हतं.

"मातीचं नाही आलं गं," दीनाबाई म्हणाल्या. "वायर सुटली. तुला बघायचं होतं ना?"

"नाही आलं तेच बरं. आता मला ते बघायचंच नाही." तिने नाक ओढलं. "वहिनी, खरं सांग. तू रडलीस का गं?"

"अजून नाही."

"आवाज ऐकल्यावर सुद्धा?"

"चहा ठेवायला उठले होते."

मग हेलन रडताना बोलतात तशा जाड आवाजात म्हणाली, "साखर कमी घालत जा त्याला. कितीदा सांगितलं तुला."

"अर्धाच चमचा घालते," दीनाबाई म्हणाल्या.